बावीस अक्षरांचा आरएनए आणि रक्ताचा कर्करोग

ब्लड कॅन्सर म्हणजे पेशी भराभर वाढणं, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, म्हणजे सीएलएल या बी-पेशींच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) कर्करोगात, रक्तात फिरणाऱ्या बहुतेक कर्करोगी पेशी विभाजनाच्या अवस्थेत नसतातच. दर दिवशी एकूण कर्करोगी पेशींच्या जेमतेम ०.१ ते १ टक्का किंवा थोड्या जास्त पेशी नव्याने जन्माला येतात. तरीही पांढऱ्या पेशींचा आकडा वर्षानुवर्षं चढत राहतो, कारण जुन्या पेशी वेळेवर मरत नाहीत. बर्किट लिम्फोमात, म्हणजे बी-पेशींच्याच एका झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगात, याच्या उलट चित्र असतं: तिथे जवळजवळ प्रत्येक पेशी विभाजनात गुंतलेली असते. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एएमएलमध्ये, तिसरीच भानगड असते. पेशी अर्धवट वयात अडकते, परिपक्व होत नाही, आणि म्हणून विभागत राहते.

‘मायक्रोआरएनए कर्करोगाच्या वाढीवर नियंत्रण ठेवतात’ असं वाक्य वाचलं की म्हणूनच पहिला प्रश्न विचारायचा तो हा: वाढ म्हणजे नेमकं काय? जास्त जन्म, कमी मृत्यू, की अडलेली परिपक्वता? मायक्रोआरएनए या तिन्ही ठिकाणी हात घालतात, पण प्रत्येक ठिकाणी वेगळे रेणू वेगळ्या तऱ्हेने.

जनुकातली माहिती आधी संदेशवाहक आरएनएमध्ये उतरते आणि त्या संदेशावरून प्रथिन बनतं, हे शाळेत शिकलेलं असतं. मायक्रोआरएनए स्वतः कुठलंच प्रथिन बनवत नाही. साधारण २२ अक्षरांचा, म्हणजे २२ न्यूक्लिओटाइडांचा हा तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी संदेशाला चिकटतो आणि त्यापासून बनणारं प्रथिन कमी करतो. १९९३ साली व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीत लिन-४ हा पहिला मायक्रोआरएनए आणि त्याचं काम उलगडलं. बरीच वर्षं तो त्या कृमीपुरताच अपवाद समजला गेला. २००० साली लेट-७ सापडला, तोच माणसातही जसाच्या तसा आहे हे दिसलं, आणि मग शोधाशोध सुरू झाली. दोघांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तो बनतो कसा

सुरुवात केंद्रकात होते. आरएनए पॉलिमरेज-२ हे एन्झाइम एक लांबलचक आरएनए लिहून काढतं. त्यात मधेच केसाच्या पिनेसारखी दुमड असते. ड्रोशा हे एन्झाइम डीजीसीआर-८ या जोडीदाराच्या मदतीने ती दुमड कापून वेगळी करतं. सुमारे ६० ते ७० अक्षरांचा हा तुकडा एक्सपोर्टिन-५ केंद्रकाबाहेर नेतं. बाहेर डायसर त्याचं टोक कापतं, आणि हाती २२ अक्षरांच्या आसपास लांबीचा दुपदरी तुकडा येतो. त्यातला एक पदर आर्गोनॉट या प्रथिनात बसतो, दुसरा बहुधा टाकून दिला जातो. काम करतं ते आर्गोनॉट; मायक्रोआरएनए त्याला फक्त पत्ता देतो.

तो पत्ता किती छोटा असतो हे एका उदाहरणात पाहू. मिर-१६ (नावातलं ‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनए) या रेणूची पहिली नऊ अक्षरं अशी: यू, ए, जी, सी, ए, जी, सी, ए, सी. यातली दुसरी ते आठवी, म्हणजे ‘ए जी सी ए जी सी ए’, हा त्याचा ‘सीड’ भाग. ज्या संदेशात याची जोडी, म्हणजे ‘यू जी सी यू जी सी यू’, सापडेल तिथे हा रेणू बसू शकतो. ही जागा बहुतेक वेळा संदेशाच्या शेवटाकडच्या, प्रथिनाची माहिती नसलेल्या पट्ट्यात असते. मिर-१५ए ची पहिली नऊ अक्षरं हुबेहूब हीच आहेत, त्यामुळे दोघांची लक्ष्यं बरीचशी सारखी. सीडमधलं एक अक्षर बदललं तरी लक्ष्यांची यादीच बदलते. एएमएल आणि काही लिम्फोमांत मिर-१४२ च्या नेमक्या याच भागात उत्परिवर्तनं सापडतात.

आर्गोनॉट जागेवर बसला की टीएनआरसी-६ हे प्रथिन सीसीआर४-नॉट नावाच्या संकुलाला बोलावतं. ते संकुल संदेशाच्या टोकाची अ‍ॅडेनिनची शेपटी कुरतडतं. शेपटी आखडली की दुसऱ्या टोकाची टोपी निघते आणि संदेश मोडीत निघतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी, कारण बातम्यांमध्ये हमखास ती चुकते. एका मायक्रोआरएनएमुळे एखादं प्रथिन पूर्ण बंद पडतं असं सहसा होत नाही. बहुतेक लक्ष्यांचं प्रमाण निम्म्यापेक्षाही कमी घटतं; २०-३० टक्क्यांची घट नेहमीची. हे पंख्याचं बटण नव्हे, रेग्युलेटर आहे. मग एवढ्याशा घटीने कर्करोग कसा होईल? दोन कारणांनी. एक, एकच मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर बसू शकतो, आणि त्यातले बरेचसे एकाच मार्गावरचे असले तर छोट्या-छोट्या घटी एकाच दिशेला साचतात. दोन, काही प्रथिनांच्या बाबतीत पेशी आधीच काठावर उभी असते. जगायचं की मरायचं हे दोन विरोधी प्रथिनांच्या तोलावर ठरत असेल, तर एका बाजूला थोडंसं वजनही पुरतं.

सीएलएल: हरवलेला तुकडा

सीएलएलच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत १३ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा १३क्यू१४ हा तुकडा गायब असतो. तिथे एखादं कर्करोग रोखणारं प्रथिन-जनुक असणार या खात्रीने वर्षानुवर्षं शोध चालला आणि काही केल्या ते जनुक हाती लागेना. २००२ साली जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवलं की त्या भागात दोन मायक्रोआरएनए बसलेले आहेत, मिर-१५ए आणि मिर-१६-१, आणि तपासलेल्या सीएलएल रुग्णांपैकी सुमारे ६८ टक्क्यांत ते कमी झालेले किंवा नाहीसे झालेले आहेत. मायक्रोआरएनए आणि कर्करोग यांचा पहिला थेट दुवा तो हाच.

२००५ साली त्यांचं महत्त्वाचं लक्ष्य सापडलं: बीसीएल-२. पेशीला मरायचं असतं तेव्हा बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोकं पाडतात. बीसीएल-२ त्यांना अडवून धरतं. मिर-१५ए आणि मिर-१६-१ असताना बीसीएल-२ आटोक्यात राहतं. ते गेले की बीसीएल-२ साचतं आणि पेशी मरणाचा हुकूम धुडकावते. शिवाय सायक्लिन डी-१, सायक्लिन डी-३, सीडीके-६ ही पेशीला विभाजनाच्या दारात नेणारी प्रथिनंही याच दोघांच्या धाकात असतात. म्हणजे तुकडा हरवला की मृत्यू घटतो आणि विभाजनात शिरणंही थोडं सोपं होतं.

हा पुरावा उंदरांतही तपासला गेला. फक्त हे दोन मायक्रोआरएनए काढून टाकलेल्या उंदरांपैकी काहींना, तेही उतारवयात, सीएलएलसारखा आजार झाला. आजूबाजूचा मोठा तुकडा कापला तेव्हा आजार अधिक उंदरांत आणि अधिक जोरकस दिसला. थोडक्यात, दोष या दोघांचा आहे, पण सगळा त्यांच्या माथी मारता येत नाही.

एक कोडं उरतं. कर्करोग रोखणारे रेणू गमावूनही ज्या रुग्णांत केवळ हाच एक दोष असतो, त्यांचा आजार सीएलएलमध्ये सर्वांत सौम्य असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ३२५ रुग्णांच्या अभ्यासात, म्हणजे आजची औषधं नसताना, फक्त १३क्यू गमावलेल्यांचं मध्यक आयुर्मान १३३ महिने होतं. १७पी गमावलेल्यांचं ३२ महिने. १७पी म्हणजे १७ व्या गुणसूत्राची आखूड भुजा; तिच्यावर टीपी-५३ हे जनुक असतं, आणि त्यापासून पी-५३ हे कर्करोग रोखणारं प्रथिन बनतं. यावरचं एक पटणारं स्पष्टीकरण असं की मिर-१५ए आणि मिर-१६-१ बीसीएल-२ सोबतच पी-५३ लाही थोडं दाबून ठेवतात. ते गेले की पी-५३ वाढतं, आणि त्याच्यामुळे मिर-३४ घराण्यातले रेणू वाढतात. हे रेणू झॅप-७० या वाढीच्या संदेशात मदत करणाऱ्या प्रथिनाला कमी करतात. एका हाताने सुटलेलं दुसऱ्या हाताने काहीसं आवळलं जातं. पी-५३ च नसेल तर ही सोय उरत नाही.

याच कहाणीचं औषधी टोक मायक्रोआरएनएमध्ये नाही, गोळीत आहे. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ च्या खाचेत बसून त्याला निकामी करतं; अमेरिकेत त्याला पहिली मंजुरी २०१६ साली १७पी गमावलेल्या सीएलएलसाठी मिळाली. सीएलएलच्या पेशी बीसीएल-२ वर किती विसंबून असतात याचा अंदाज त्याच्या मात्रेवरून येतो. ४०० मिलिग्रॅमची रोजची मात्रा पहिल्या दिवशी देतच नाहीत. २० पासून सुरुवात, मग दर आठवड्याला ५०, १००, २०० असं चढत पाचव्या आठवड्यात ४००. एकदम पूर्ण मात्रा दिली तर इतक्या पेशी एकाच वेळी फुटतात की त्यांतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक अ‍ॅसिड रक्तात उसळून मूत्रपिंड आणि हृदय धोक्यात येतं.

वाढ पेटवणारे

सगळेच मायक्रोआरएनए वाढ रोखणारे नसतात. १३ व्याच गुणसूत्रावर, थोडं पुढे १३क्यू३१ इथे, सहा मायक्रोआरएनएंचा एक गट आहे: मिर-१७, १८ए, १९ए, २०ए, १९बी-१ आणि ९२ए-१. सहाही एकाच लांब आरएनएमधून कापून निघतात. या गटाला ‘ऑन्कोमिर-१’ असंही म्हणतात. काही बी-पेशींच्या लिम्फोमांत या जागेच्या जादा प्रती असतात. मिक हे वाढीचं कुप्रसिद्ध प्रथिन हा गट थेट चालू करतं, आणि गट बदल्यात मिकचं काम सोपं करतो.

ते कसं, हे बघण्यासारखं आहे. मिक एकटं जास्त झालं तर पेशी वाढते खरी, पण आत्महत्येकडेही वळते. निसर्गाने ठेवलेली ती एक सुरक्षा आहे. मिर-१७ गटातले रेणू बिम या मृत्यू घडवणाऱ्या प्रथिनाला दाबतात. गटातला मिर-१९ पीटेन कमी करतो. पीटेनचं काम म्हणजे पेशीच्या आवरणातल्या पीआयपी-३ या वाढीच्या खुणेवरचा फॉस्फेट काढून एकेटी हा मार्ग शांत करणं. बिम कमी, पीटेन कमी: सुरक्षा निघाली आणि मिकला रान मोकळं. उंदरांतल्या प्रयोगांत या गटातल्या सहापैकी मिर-१९ हाच कर्करोगासाठी सर्वांत कळीचा ठरला. त्याच गटातला मिर-९२ए मात्र त्याच्या कामात अडथळा आणतानाही दिसला आहे, म्हणजे एकाच आरएनएतून निघालेली भावंडंही एका सुरात नसतात.

मिर-१५५ ची गोष्ट वेगळी. निरोगी बी-पेशी, टी-पेशी आणि मॅक्रोफेजना जंतूशी सामना पडला की हा रेणू वाढतो, काम झालं की उतरतो. काही लिम्फोमांत तो उतरतच नाही. हॉजकिन लिम्फोमात आणि डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाच्या एबीसी (सक्रिय बी-पेशींसारख्या) प्रकारात तो चढा असतो. एबीसी प्रकारात एनएफ-कप्पा-बी हा पेशीला जगवणारा संदेशमार्ग सतत चालू असतो आणि तोच मिर-१५५ चं जनुक जागं ठेवतो. त्याचं एक लक्ष्य शिप-१. शिप-१ सुद्धा पीटेनप्रमाणे पीआयपी-३ वरचा फॉस्फेट काढतं, फक्त वेगळ्या जागेवरचा. दुसरं लक्ष्य सॉक्स-१, जे जॅक-स्टॅट या वाढीच्या संदेशमार्गाला लगाम घालतं. दोन्ही कमी झाले की बी-पेशीला बाहेरून आलेला क्षीण संदेशही मोठा वाटतो. २००६ साली बी-पेशींत फक्त मिर-१५५ जादा ठेवलेल्या उंदरांना ल्युकेमिया आणि लिम्फोमा झाले. एकटा मायक्रोआरएनए कर्करोग सुरू करू शकतो हे त्यातून दिसलं.

त्यापुढचा प्रश्न, तो काढून घेतला तर कर्करोग मावळेल का? याचं सर्वांत स्वच्छ उत्तर मिर-२१ वर मिळालं. २०१० च्या प्रयोगात उंदरांत मिर-२१ डॉक्सिसायक्लिन या साध्या अँटिबायोटिकने चालू-बंद करता येईल अशी रचना होती. मिर-२१ चढा ठेवल्यावर बी-पेशींच्या सुरुवातीच्या अवस्थेतला लिम्फोमा झाला. मग तो बंद केला, आणि काही दिवसांतच गाठी विरल्या. पेशी मिर-२१ वर अवलंबून राहायला लागल्या होत्या.

एएमएलमध्ये मुद्दा परिपक्वतेचा. मिर-२२३ ग्रॅन्युलोसाइट पेशींत (न्यूट्रोफिल ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींत) भरपूर असतो. ८ आणि २१ या गुणसूत्रांची अदलाबदल झालेल्या एएमएलमध्ये तयार होणारं एएमएल१-ईटीओ हे जोडप्रथिन मिर-२२३ च्या जनुकावर बसून त्याला गप्प करतं. प्रयोगशाळेत तो परत दिला की पेशी परिपक्वतेकडे सरकतात. यावरून ‘मिर-२२३ नसेल तर न्यूट्रोफिल बनणारच नाहीत’ असा निष्कर्ष काढणं मात्र घाईचं ठरेल. मिर-२२३ नसलेल्या उंदरांत न्यूट्रोफिल कमी झाले नाहीत, उलट वाढले.

चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा

मिर-२९ घ्या. एएमएलच्या पेशींत मिर-२९बी वाढवला तर डीएनएमटी-३ए आणि ३बी ही जनुकं गप्प करणारी एन्झाइमं कमी होतात, गप्प केलेली कर्करोगरोधक जनुकं जागी होतात, मृत्यू टाळणारं एमसीएल-१ ही घटतं. म्हणजे चांगला. पण उंदरांच्या रक्त बनवणाऱ्या अपरिपक्व पेशींत मिर-२९ए जादा केला तर एएमएलच होतो, आणि बी-पेशींत मिर-२९ जादा केला तर संथ सीएलएल. रेणू एकाच घराण्याचे, सीड एकच. फरक कशात? त्या पेशीत त्या घडीला कोणते संदेश किती प्रमाणात हजर आहेत, यात. लक्ष्यच हजर नसेल तर मायक्रोआरएनए कितीही असला तरी बसणार कुठे? आणि एका पेशीत मायक्रोआरएनएच्या प्रती शंभराच्याही आत असतील तर लक्ष्य हजर असूनही फरक पडत नाही. म्हणून ‘मिर-अमुक कर्करोगरोधक आहे’ असं वाक्य पेशीचा प्रकार सांगितल्याशिवाय अपुरं असतं.

औषध म्हणून

दोन वाटा आहेत: कमी झालेला परत द्यायचा किंवा वाढलेला अडवायचा. पहिल्या वाटेवरचं ठळक नाव एमआरएक्स-३४. लिपोसोममध्ये भरलेली मिर-३४ए ची नक्कल, मानवी चाचणी २०१३ पासून, आणि रक्ताच्या कर्करोगाचे रुग्णही त्यात होते. २०१६ मध्ये ती थांबवावी लागली, कारण रोगप्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रिया उद्भवल्या आणि ८५ पैकी ४ रुग्ण दगावले. दुपदरी आरएनए बाहेरून आला की शरीर त्याला विषाणू समजू शकतं, ही या वाटेवरची जुनी अडचण आहे. दुसऱ्या वाटेवर कोबोमार्सेन: मिर-१५५ ला घट्ट चिकटून त्याला निकामी करणारा, रासायनिक बदल केलेला तुकडा. त्वचेतल्या टी-पेशींच्या लिम्फोमावर तो दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचला, पण चाचणी मधेच बंद झाली. आजवर एकही मायक्रोआरएनए-औषध बाजारात आलेलं नाही. याच यंत्रणेचा वापर करणारी पण एकाच लक्ष्यावर नेम धरणारी एसआयआरएनए (छोट्या दुपदरी आरएनएची) औषधं मात्र २०१८ पासून वापरात आहेत, आणि पहिल्या फळीतल्या बहुतेकांचं लक्ष्य यकृत. हे योगायोगाने झालेलं नाही: रक्तात सोडलेले असे रेणू मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडात जमा होतात. अस्थिमज्जेतल्या योग्य पेशीपर्यंत पुरेशी मात्रा पोचवणं हीच अजूनची खरी अडचण.

मोजताना काय बिघडतं

रक्तातले मायक्रोआरएनए मोजून कर्करोग ओळखू, असे दावे बरेच होतात. त्यातले पुष्कळ नमुना घेण्याच्या टप्प्यावरच फसतात.

रक्त गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए हवं. हेपॅरिन हे दुसरं गोठणरोधक पीसीआर (प्रती वाढवून मोजण्याची चाचणी) बिघडवतं आणि नंतर काढणं कठीण जातं. प्लाझ्मा (रक्तातला पेशीविरहित द्रव) काही तासांत वेगळा करायचा, आणि सेंट्रिफ्यूज दोनदा. एकदाच फिरवलं तर प्लेटलेट राहतात, आणि त्यांच्यात मिर-२२३ ठासून भरलेला असतो. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे फुटलेल्या तांबड्या पेशी. सुई बारीक, ओढ जोरात, नळी हलवली, की तांबड्या पेशींतले मिर-४५१ए आणि मिर-१६ प्लाझ्मात उतरतात. डोळ्यांना गुलाबी छटा दिसण्याआधीच आकडे बिघडलेले असतात. म्हणून ४१४ नॅनोमीटरला प्रकाशशोषण बघतात, आणि मिर-२३ए व मिर-४५१ए यांच्या सीटी मूल्यांतला (पीसीआरच्या कितव्या फेरीला रेणू दिसला त्या आकड्यांतला) फरक काढतात. तो ७ च्या वर गेला तर नमुना बाद करणं शहाणपणाचं.

आरएनए काढताना छोट्या तुकड्यांसाठीचं किट लागतं. नेहमीच्या कॉलममधून २०० अक्षरांखालचा आरएनए बराचसा वाहून जातो. काढण्याच्या पायरीवर किती गळालं हे कळावं म्हणून नमुन्यात आधीच ठरावीक मात्रेत कृमीचा मिर-३९ मिसळतात. माणसात तो नसतो, त्यामुळे शेवटी जेवढा सापडेल त्यावरून गळती मोजता येते. पीसीआरमध्ये वेगळी अडचण: साधा प्रायमरच २० अक्षरांचा, मग २२ अक्षरांच्या रेणूवर दोन प्रायमर बसवायचे कुठे? उपाय म्हणून आधी त्याला शेपटी जोडतात किंवा दुमडीचा प्रायमर लावून लांब करतात. सीटीमधला एक अंकाचा फरक म्हणजे दुप्पट, ३.३ चा म्हणजे दहापट, हे ध्यानात ठेवलं तर पिपेटची छोटी चूकही किती महाग पडते ते कळतं.

पेशींवरच्या अभ्यासात फसगत निराळी. सीएलएल रुग्णाच्या पांढऱ्या पेशींत ९० टक्क्यांहून जास्त बी-पेशी असू शकतात. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल. दोन्ही नमुने तसेच मोजले तर सीएलएलमध्ये मिर-२२३ ‘प्रचंड घटला’ असं दिसेल, आणि ते फक्त पेशींच्या मिश्रणाचं गणित असेल. तुलना सीडी-१९ या बी-पेशींवरच्या खुणेने वेगळ्या केलेल्या बी-पेशींशी बी-पेशींचीच करायला हवी.

लक्ष्य सिद्ध करण्याचा ल्युसिफरेज प्रयोगही असाच तपासून घ्यावा लागतो. संदेशाचा शेवटाकडचा पट्टा ल्युसिफरेज या उजेड देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकामागे जोडतात, नक्कल मायक्रोआरएनए पेशीत घालतात आणि उजेड कमी झाला का बघतात. सीडच्या जोडीची दोन-तीन अक्षरं बदलून तोच प्रयोग केलेला नसेल तर त्या घटीला अर्थ नाही. नक्कल ५० नॅनोमोलर किंवा त्याहून जास्त घातली असेल तर पेशीत इतक्या प्रती होतात की आर्गोनॉटमधले मूळचे रहिवासी हुसकावले जातात आणि भलतेच परिणाम दिसतात. उलट बाजूचा प्रयोग, पेशीतला मूळ मायक्रोआरएनए अडवून लक्ष्य-प्रथिन वाढतं का, हा जास्त विश्वासाचा.

आणि प्रत्येक मोजमापाला संदर्भ लागतो: कशाच्या तुलनेत वाढला किंवा घटला? बऱ्याच अभ्यासांत संदर्भ म्हणून मिर-१६ वापरलेला आढळतो, कारण तो रक्तात भरपूर आणि स्थिर मानला जातो. सीएलएलच्या पेशींवर असा अभ्यास हाती आला तर पुढचे आलेख बघण्याआधी पद्धतीचा परिच्छेद वाचावा. निम्म्याहून अधिक रुग्णांत ज्याच्या जनुकाची निदान एक प्रत गळालेली असते, त्याला मोजपट्टी केलं की बाकीचे सगळे मायक्रोआरएनए त्या रुग्णांत आपोआप वाढलेले दिसतात.